पंचमीला न्यायला येणारा प्रोफेसर

आमच्या शशिधरचा विषय काय होता असं कुणी विचारलं की मी एका दमात सांगतो, आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र आणि विकास. सातवी शिकलेल्या बाईच्या तोंडातनं एवढं लांबलचक नाव निघालं की समोरचं पावणं गप्पच बसतंय. पुढचं काही विचारत न्हाय. ते बरंच हाय, कारण पुढचं मला तरी कुठं येतंय. आणि मी 'सांगतो' म्हटलं म्हणून हसू नका. आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो, मी जेवलो. माझ्या पुण्याच्या जावेला आयुष्यभर त्याचं हसू येत राहिलं. येऊ दे तिला.

शशिधर माझा पाठचा भाऊ. आमच्या घरात कानडीची सरमिसळ, धाकट्या भावाला आम्ही तम्मा म्हणतो. तो प्रोफेसर झाला, नावामागं डॉक्टर लागलं, डोक्यावरचे केस गेले, तरी माझ्या तोंडी तम्माच. मी त्याची अक्का. आम्ही मूळचे मुरगूडचे. आमच्या अप्पांचं, भरमाप्पांचं, तिथं बाजारात कापडाचं दुकान होतं. मला दिली कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत, धान्याच्या दुकानावर.

तम्माची गोष्ट सांगायची तर पंचमीपासनंच सुरुवात करायला पाहिजे. नागपंचमीला आमच्याकडं माहेरवाशीण आपणहून माहेरी जात न्हाय. मग ते माहेर गल्लीच्या टोकाला का असंना. भावानं यायचं, चहा घ्यायचा, न्यायला आलोय म्हणून सांगायचं, मग बहिणीनं पिशवी उचलायची. कुणी न नेता गेली तर चार बायका विचारणार, का गं, न्यायला कुणी आलं न्हाय? ते ऐकून घेण्यापेक्षा घरात बसलेलं बरं. आदल्या दिवशी, चतुर्थीला, आम्ही भावाचा उपवास धरतो. दुसऱ्या दिवशी भाऊ दारात उभा. कॉलेजात शिकवायला लागल्यापासनं तम्मा एकदाबी चुकला न्हाय. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलेलं असू दे, कॉलेजात परीक्षा असू दे, रेनकोट घालून, स्कूटर काढून हा हजर.

पुढं अप्पा गेले, अव्वा, म्हंजे आमची आई, गेली, मुरगूडचं दुकान विकलं. तम्मानं कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या अलीकडं, नव्या वसाहतीत लहानसं घर बांधलं. लग्न काय त्यानं केलंच न्हाय. आम्ही मुली दाखवून दाखवून दमलो. मग माझं माहेर मुरगूडहून उठलं आणि बावड्याला आलं. लक्ष्मीपुरीतनं रिक्षात नीट बसून पदर सावरेपर्यंत उतरायची वेळ येती. तरी पंचमीला तो यायचाच. आमचे मालक चेष्टा करायचे, प्रोफेसर, एवढ्याशा वाटंत तुमची बहीण हरवणार हाय का? तम्मा बशीत चहा ओतायचा आणि खाली मान घालून म्हणायचा, वाट तिला ठाऊक हाय दाजी, पण न्यायला यायचं असतंय. मालकांना हसू यायचं. मला आतनं लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तो शिकवायचा कसा, ते मी डोळ्यानं बघितलंय. थंडीत कारखान्याचा हंगाम सुरू झाला की तो सगळा वर्ग उठवून बावड्याला आणायचा. रस्त्याकडंला चिंचेखाली पोरापोरींना बसवायचा. समोरनं उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या जायच्या. मग हा विचारायचा, ऊस कुणाचा? पोरं ओरडायची, आमचा. साखर कुणाची? कारखाना सहकारी, म्हंजे साखरबी आमचीच. मग भाव कुणाचा? इथं सगळे गप्प. मग तम्मा सुरू व्हायचा. लंडन काय, न्यूयॉर्क काय, ब्राझीलातला ऊस काय. कुठल्या देशानं कुठला नियम केला, तो करताना कोण कोण बसलं होतं, कुणाला बोलावलंच न्हाय. पोरांना पोहे द्यायला म्हणून मी त्या दिवशी बावड्याला जायचो आणि दारातनं ऐकत राहायचो. मला एवढंच कळलं, की भाव ठरवणारी माणसं एका मेजाभोवती बसतात आणि त्या मेजावर आपल्याला कुणी बोलावत न्हाय.

बावड्यातल्या चहाच्या टपरीवर त्याला बघितलं की माणसं हाळी द्यायची, काय सर, ब्राझीलमध्ये पाऊसपाणी कसं हाय? ते चेष्टा करायचे. ह्याला चेष्टा कळायची न्हाय. हा थांबून सगळं सांगायचा, यंदा तिकडं कमी पडलाय, बघू या, आपल्याला बरं जाईल. त्याचं एक पुस्तक परदेशात इंग्रजीत छापलं, गावातला माल आणि जगाचा बाजार असं काही तरी त्यात होतं. मी ते खणात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवलं आणि रोज त्याला विभूती लावायला लागलो. त्यानं एकदा ते बघितलं आणि पोट धरून हसला. म्हणाला, अक्का, एवढा मान त्याला कुठल्याच विद्यापीठात मिळाला न्हाय.

आता स्वप्नाली. बावड्यातल्या बाळासोंची लेक. बाळासो कारखान्यात कामाला, दारात म्हशी, बायको बायडाबाई शेतात. त्या चिंचेखालच्या वर्गात भाव कुणाचा म्हटल्यावर सगळे गप्प बसले असताना ही पोरगी म्हणाली, ते मेजावर जागा देत न्हाईत तर आपण आपलं दुसरं मेज का मांडत न्हाय? तम्मा तिच्याकडं बघतच राहिला. त्या संध्याकाळी मला म्हणाला, अक्का, आज एक मुलगी भेटली. मला वाटलं देव पावला, एवढ्या वर्षांनी ह्याच्या डोक्यात लग्नाचं आलं. मी कुणाची, कुठली, घरचं कसं, सगळं विचारून घेतलं. मग कळलं, वर्गातली पोरगी, ह्याच्या लेकीच्या वयाची. मी कपाळावर हात मारून घेतला.

पण खरंच, लेकच झाली ती त्याची. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन यायची आणि दारातच दोघांचा वाद जुंपायचा. विकास म्हंजे काय, कर्ज देणारी बँक मोठी का कर्ज घेणारा देश मोठा, असलं काय काय. दूध नासून जायचं, वाद संपायचा न्हाय. मी तिथं असलो की वैतागायचो. तिची बी.ए., एम.ए. झाल्यावर तम्मानंच तिला पुढं शिकायला हॉलंडला पाठवलं. बाळासो तयार नव्हते. पोरीला समुद्रापलीकडं धाडून आम्ही काय करायचं म्हणायचे. तम्मा त्यांच्या अंगणात जाऊन बसायचा, म्हशीच्या धारा निघायच्या, अंधार पडायचा, तरी ह्याचं समजावणं चाललेलं. शेवटी बाळासो म्हणाले, सर, तुमच्या जिवावर पाठवतोय.

ती गेली आणि तम्मानं घरातलं एक कपाट रिकामं केलं. निवडक पुस्तकं त्यात लावली, रोज फडकं मारायचा. हे कुणाचं म्हटलं तर म्हणायचा, स्वप्नालीचं. त्याची निवृत्ती जवळ आलती. आमच्या ह्या भागात तो विषय शिकवणारा तो एकटाच होता. त्याच्या खुर्चीवर त्या विषयाचं माणूस बसलं न्हाय तर विषयच बंद पडणार, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. तम्मानं प्राचार्यांना सांगून ठेवलतं, काळजी करू नका, माणूस तयार व्हायलाय. त्याचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकलता, की स्वप्नाली येईल आणि थंडीत पोरांना घेऊन चिंचेखाली बसेल. तोंडानं मात्र त्यानं कुणाला, तिला तर न्हायच न्हाय, हे कधी सांगितलं न्हाय.

तो निवृत्त झाला. जागेची जाहिरात यायला वेळ लागला, पण आली. तोवर स्वप्नालीचं तिकडचं शिक्षणबी पुरं झालतं. एका रविवारी दुपारी मी बावड्यात तम्माच्या सोप्यात मेथी निवडत बसलतो आणि तिचा फोन आला. तम्माला ऐकायला कमी यायचं, म्हणून तो फोन मोठ्या आवाजावर ठेवायचा. ती म्हणाली, सर, आपल्या कॉलेजची जाहिरात बघितली. इकडचेबी राहा म्हणायलेत. मी काय करू?

 मी मेथी थांबवली. तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर. माझा विचार करू नकोस."

ती म्हणाली, "पण सर, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं त्याला अर्थ न्हाय, बाळ."

मग ती नुसतं 'बरं सर' म्हणाली आणि फोन बंद झाला.

माझं डोकंच फिरलं. मेथीची जुडी तिथंच टाकली आणि त्याला असा झाडला म्हणता. म्हटलं, तम्मा, तुला अक्कल हाय का? ती पोरगी तुझ्या तोंडातनं एक शब्द काढायला बघत होती. तुला ती हवी हाय, कपाट पुसून पुसून त्याचा रंग गेला, मग ये म्हणायला तोंड झिजतंय का तुझं? आत्ताच्या आत्ता फोन लाव तिला.

त्यानं फोन बाजूला ठेवला. मग म्हणाला, "अक्का, अप्पा मला दिल्लीला न्यायला आलते, आठवतंय?"

आठवणार न्हाय व्हय? तम्मा दिल्लीला शिकत होता. तिथनं पुढं इंग्लंडला जायला त्याला शिष्यवृत्ती मिळालती. मुरगूडात अप्पांनी पेढे वाटले होते. आणि मग अव्वा आजारी पडली म्हणून अप्पा स्वतः दिल्लीला गेले. मिरजेच्या पुढं कधी न गेलेला माणूस, धोतर, टोपी, काखेत भाकरीचं गठुळं, विचारत विचारत हॉस्टेलच्या दारात उभा राहिला. तम्मा त्यांच्याबरोबर परत आला. इंग्लंड राहिलं. मग मुरगूडचं दुकान आणि कोल्हापूरचं कॉलेज, असं त्याचं आयुष्य झालं. अव्वा आजारी होती म्हणून तो आला, असंच मला इतकी वर्षं ठाऊक होतं.

तम्मा म्हणाला, अव्वाला नुसता ताप होता. पुढं कितीतरी वर्षं ती धडधाकट जगली, ते तू बघितलंसच. अप्पांना मी इंग्लंडला जायला नको होतं. पण तसं ते बोलले न्हाईत. हॉस्टेलच्या खोलीत बसले, गठुळं सोडलं, मला भाकरी वाढली आणि म्हणाले, पंचमी आली. शांताला न्यायला घरात भाऊ नको का?

शांता म्हंजे मी.  म्हटलं, म्हंजे माझ्या पंचमीपायी तुझं इंग्लंड गेलं?

"तुझ्यापायी न्हाय अक्का. बोलावलं म्हणून गेलं. जिवातल्या माणसानं ये म्हटलं की नको म्हणता येत न्हाय. म्हणून मी कुणाला ये म्हणणार न्हाय. तिला तर कधीच न्हाय."

मी विचारलं, तुला पस्तावा होतोय का रे आल्याचा? तर म्हणाला, कोल्हापूर सोडून मला कुठं करमलं असतं? आणि उठून आतल्या खोलीत गेला. हे उत्तर होतं का उत्तर टाळणं होतं, ते मला आजबी कळलेलं न्हाय.

त्या फोननंतर तो अर्जाच्या शेवटच्या तारखेची वाट बघत होता, ते मला दिसत होतं. तिनं अर्ज केला का म्हणून कॉलेजात विचारायचाबी न्हाय. विचारणं म्हंजे बोलावण्यासारखंच, असं काही तरी त्याच्या डोक्यात. मुलाखतीच्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मला म्हणाला, सहज जाऊन येतो. बाळासो काही कामानं त्या बाजूला गेलते, त्यांनी मला मागनं सांगितलं. सर फाटकाजवळच्या बाकावर बसलते. रिक्षा थांबली की मान वर करायचे. बाळासोंनी हाक मारली तर म्हणाले, इथं सावली बरी हाय. संध्याकाळी घरी आला, चहा मागितला आणि तसाच ठेवून दिला. ती आलती का म्हणून विचारायचं मला धाडस झालं न्हाय. त्याच्या तोंडावरच होतं सगळं.

त्या जागेला कुणी मिळालं न्हाय. पुढच्या वर्षी विषयच यादीतनं गेला. त्याच्या कॉलेजातल्या खोलीत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका झाली आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा गुंडाळून शिपायाच्या हातनं घरी आला. तम्मानं तो कपाटामागं उभा करून ठेवला. उलगडला न्हाय. टपरीवर कुणी ब्राझीलचं विचारलं तर म्हणायला लागला, आता काय माहीत न्हाय हो. मग लोकांनीबी विचारायचं सोडलं. मला हे लई लागलं. चेष्टा का असंना, पण त्या चेष्टेवर तो जगत होता.

गेल्या वर्षीच्या पंचमीला तो आला, ते मला डोळ्यापुढं दिसतंय. स्कूटर सुटली होती, रिक्षानं आला. आमचा जिना चढताना मधेच बसला. माझा लेक अमरेश खाली धावला आणि हात धरून त्याला वर आणला. चहा बशीत ओतताना निम्मा लुगड्यावर सांडला माझ्या. दम गोळा करून म्हणाला, अक्का, न्यायला आलोय. मी रागावलो. म्हटलं, ह्या तब्येतीत एवढं कशाला, फोन करायचास, मी आलो असतो. तर हसून म्हणतो, फोनवर न्हेतात व्हय कुणाला?

बावड्याला गेल्यावर मी त्याला विचारलं, स्वप्नालीचा फोन येतो का? म्हणाला, सणाला येतो. काय म्हणती? बरी हाय म्हणती. एवढंच. आणि मग उठून त्या कपाटावर फडकं मारायला लागला.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तो गेला. सकाळी बाळासो दूध घेऊन गेले, हाका मारल्या, दार ढकललं तर तम्मा खुर्चीत, मांडीवर पेपर. आम्हा लिंगायतांच्यात माणसाला जाळत न्हाईत, बसवून मातीत ठेवतात. कपाळाला विभूती, हातात त्याचं इष्टलिंग. तसा बसवलेला तम्मा मी बघितला आणि मला वाटलं, पोरांचं ऐकत बसलाय. मी रडलो, लई रडलो. माझ्या पाठीवर त्याला घेऊन मी मुरगूडच्या बाजारात हिंडलोय. आधी मी जायला पाहिजे होतो.

स्वप्नाली आली ती माती झाल्यावर. विमानानं मुंबई, तिथनं गाडीनं, तरी उशीरच. बाळासोंबरोबर आधी मातीवर जाऊन आली, मग लक्ष्मीपुरीत माझ्याकडं. मला ती आत्या म्हणते. माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, आत्या, सरांना मी नको होतो का?

मला कळंना ही काय बोलायली. मग तिनं सांगितलं. त्या रविवारी तिनं मुद्दाम फोन केलता. तिकीट बघून ठेवलं होतं, अर्ज भरून ठेवला होता, नुसता पाठवायचा होता. तिला वाटलं, सर एकदा ये म्हणतील. ते म्हणाले, तुझं तू बघ. "मला वाटलं, त्यांच्या खुर्चीला मी पुरा पडत न्हाय असं त्यांना वाटतंय. तोंडावर सांगवत न्हाय, म्हणून तुला योग्य वाटेल ते कर म्हणतात. एकदा ये म्हणाले असते ना आत्या, त्याच आठवड्यात आलो असतो."

मग मी तिला दिल्लीचं सांगितलं. भाकरीचं गठुळं, पंचमी, सगळं. इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसलता तेबी सांगितलं. ती तोंडावर पदर, म्हंजे ओढणी, धरून जी रडली ती रडतच राहिली. मला तिची दया येत होती आणि रागबी येत होता. ह्यानं म्हणायचं, तिनं आपणहून यावं. तिनं म्हणायचं, ह्यानं बोलवावं. दोघं एवढे शिकलेले, आणि एका शब्दासाठी दोघांनी आयुष्यं घालवली. तम्मावर तर मी अजूनबी चिडून हाय. सगळ्या जगाच्या मेजावर कुणाला बोलावत न्हाईत हे तू पोरांना शिकवलंस की रे. मग तुझ्या मेजावर जिला यायचं होतं तिला का बोलावलं न्हाईस?

ती परत गेली. तिकडं तिची नोकरी हाय, विद्यार्थी हाईत. जाताना मी काही बोललो न्हाय.

मग यंदाची पंचमी आली. चतुर्थीला सकाळी उठलो आणि अडकलो. भावाचा उपवास धरायचा का न्हाय? भाऊ न्हाय तर कुणाचा उपवास? हे कुणाला विचारणार. सून विद्याश्री हळूच म्हणाली, आई, आता नका धरू. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि धरला. दुसऱ्या दिवशी लाह्या केल्या, पिठागुळाचे तंबिटाचे लाडू वळले, हिरव्या बांगड्या भरलेल्या होत्या, चांगलं लुगडं नेसलो आणि दाराकडं तोंड करून खुर्चीवर बसलो. कोण येणार होतं? कुणी न्हाय. पण इतक्या वर्षांची सवय, अंगाला कोण सांगणार. जिन्यात पाय वाजला की मान वर करायचो. अमरेश म्हणाला, मी गाडीनं सोडतो तुला बावड्याला. मी म्हटलं, सोडणं वेगळं आणि न्यायला येणं वेगळं. 

दुपार कलली तवा मी आपली उठलो, डबा पिशवीत टाकला, खाली उतरलो आणि रिक्षाला हात केला. जन्मात पहिल्यांदा पंचमीला कुणी न नेता माहेरी निघालो. रिक्षावाल्यानं विचारलं, मावशी, माहेराला व्हय? मी व्हय म्हटलं आणि पदर तोंडाला लावला.

किल्ली बाळासोंकडं असती. त्यांनीच दार उघडून दिलं. आत बंद घराचा वास. कपाटावर धूळ बसलेली. मी पदरानंच ती पुसली. बाळासो पायरीवर बसले, मी लाडू दिला तो हातात धरून. बाहेर पोरी फेर धरून गात होत्या. मी त्यांना विचारलं, बाळासो, तुमची एकुलती एक लेक. तुम्ही बाप. तुम्ही तरी ये म्हणायचं की तिला.

ते लाडवाकडं बघत म्हणाले, "सरच म्हणाले न्हाईत ये. मी अडाणी माणूस काय म्हणू? मला वाटलं, सरांचा त्यात काय तरी विचार असंल."

 एकानं तोंड मिटलं म्हणून सगळ्यांनी मिटलं. मी म्हटलं, लावा तिला फोन, मी बोलतो. त्यांनी लावला. पडद्यावर स्वप्नाली दिसली. मागं तम्माचं कपाट दिसल्यावर तिचा चेहराच बदलला.

मी म्हटलं, "स्वप्नाली, तम्मा म्हणाला न्हाय, मी म्हणतोय. ये. मी तुला न्यायला आलोय असं समज."

ती डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, "आत्या, तो वर्ग न्हाय आता. सर न्हाईत. मी कुणाकडं येऊ?"

 उत्तर माझ्या शेजारीच पायरीवर बसलं होतं. मी फोन बाळासोंच्या हातात दिला आणि त्यांच्या खांद्याला हात लावला, म्हटलं, बोला की. त्यांनी लाडू खाली ठेवला, हात धोतराला पुसला, फोन तोंडाजवळ धरला.  मला वाटलं, आता तरी ये म्हणतील.

ते म्हणाले, "जेवलीस का, बाळ?"